डावीकडची बाल्कनी की उजवीकडची?

नॉर्वेच्या फियॉर्डमधली क्रूझ करायची असं एकदा घरात ठरलं, की पुढचे तीन महिने फियॉर्ड हा विषय मागे पडतो. पुढे येतात ते भलतेच प्रश्न. केबिन आतली घ्यायची, खिडकीची की बाल्कनीची? बाल्कनी घ्यायची तर डावीकडची की उजवीकडची? आठव्या डेकवर जहाज कमी हलतं की दहाव्या? बुफेत जैन जेवण आधी सांगून ठेवावं लागतं का? वायफायचे पैसे तिकिटात धरलेत का? टिप रोज माणशी आपोआप कापून घेतात म्हणजे ती टिप राहिली की दंड झाला? आणि ‘फॉर्मल नाइट’ला पुतण्याच्या लग्नात शिवलेला जोधपुरी चालून जाईल ना? जहाजाचा नकाशा छापून आणला जातो, त्यावर पेन्सिलीने खुणा होतात. लिफ्ट जवळ हवी पण लिफ्टचा आवाज नको, नाचाच्या हॉलखालची केबिन तर फुकट दिली तरी नको, असा खल जेवणाच्या टेबलावर रात्री अकरापर्यंत रंगतो. या सगळ्यात एक गोष्ट मात्र कुणीच विचारत नाही : जहाज फियॉर्डमध्ये शिरतं किती वाजता? माझं म्हणणं असं, की त्या गुळगुळीत, जाडजूड माहितीपत्रकात वाचण्याजोगा मजकूर एवढाच आहे, आणि तोच सगळ्यांत बारीक टायपात छापलेला असतो. वेळापत्रक नीट वाचलं तर बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात आणि उरलेले पडतच नाहीत.

माहितीपत्रकाचा विषय निघालाच आहे तर मुखपृष्ठापासून सुरुवात करू. त्यावरचं चित्र ठरलेलं असतं. खाली हिरवंनिळं पाणी, दोन्हीकडे ताठ उभे कडे, कड्यांवर बर्फाच्या रेघा आणि मधोमध एक पांढरंशुभ्र जहाज, नखाएवढं. चित्र खरं आहे, त्यात लबाडी काही नाही. पण ते काढलंय कुठून? बहुतेक वेळा गैरांगर गावाच्या डोक्यावर असलेल्या एखाद्या कड्यावरून, नाहीतर समोरच्या घाटातल्या नागमोडी वळणावरून, किंवा त्याहून वर, सुमारे १,५०० मीटर उंचीच्या डाल्सनिबा शिखरावरून. या सगळ्या ठिकाणी मोटार जाते. म्हणजे जे दृश्य बघून माणूस जहाजाचं तिकीट काढतो ते रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिसतं. ते ज्यांना हमखास दिसणार नाही अशी माणसं त्या क्षणी जगात एकाच जागी गोळा झालेली असतात, ती म्हणजे त्या जहाजावर. स्टावांगरजवळच्या लीसेफियॉर्डची गत याहून बिकट. तिथे प्रेकेस्टोलेन नावाचा सपाट माथ्याचा कडा पाण्यापासून ६०४ मीटर उंच आहे, आणि त्याच्या टोकावर पाय सोडून बसलेल्या माणसांचे फोटो जगभर फिरलेले आहेत. वर जायला दीड-दोन तासांची पायी चढण. बोटीतून जाणाऱ्याने मान मोडेपर्यंत वर बघितलं की खडकाचा एक चौकोनी कोपरा दिसतो. कर्ण्यावरून ‘तोच तो’ असं सांगितलं जातं, सगळे माना डोलावतात, आणि त्यांतले निम्मे शेजारच्याच कोपऱ्याकडे बघत असतात. जहाजातून बघण्यासारखं काही नाही, असं मात्र नव्हे. पुष्कळ आहे, पण ते खालून वर बघण्याचं, हळूहळू उलगडणारं आहे. त्याला उजेड लागतो, सवड लागते आणि आपण जागे असावं लागतं. यांतली एकही गोष्ट केबिनच्या दर्जावर अवलंबून नसते.

मुळात एवढाली जहाजं डोंगरांच्या पोटात शिरतातच कशी, हेही बघण्यासारखं आहे. हिमयुगात पठारावरून समुद्राकडे सरकणाऱ्या हिमनद्यांनी या दऱ्या खरवडून काढल्या. आत डोंगरात बर्फाचा थर जाड, म्हणून तिथे दरी खोल खणली गेली. समुद्राशी पोचेपर्यंत बर्फ पसरून पातळ झाला, तिथलं खणणं वरवरचं राहिलं. पुढे बर्फ वितळला आणि समुद्र आत आला. त्यामुळे फियॉर्डचा तळ उलट्या डोक्याचा असतो : तोंडाशी उथळ आणि आत खोल. सोग्नफियॉर्ड २०० किलोमीटरांहून लांब आहे आणि आत त्याची खोली १,३०० मीटरच्या घरात जाते. तोंडाशी ती त्याच्या मानाने काहीच नाही. शिवाय कडे जसे पाण्यावर सरळ उभे तसेच पाण्याखालीही सरळ उतरलेले, त्यामुळे काठापासून हाकेच्या अंतरावर तळ सापडू नये इतकं पाणी. आपल्या कोकणातल्या खाड्यांत साध्या लाँचला भरती-ओहोटी बघून गाळ चुकवत जावं लागतं. तिथे अठरा मजली जहाज डोंगराच्या पायरीशी जाऊन उभं राहतं. गैरांगर गावात कायम वस्तीला माणसं दोन-अडीचशे. बंदर मात्र निसर्गाने त्याला अशा मापाचं दिलंय, की एका जहाजातून पाच हजार पाहुणे सकाळी दारात येऊ शकतात. हे पाहुणे काठावर आणायचे तर छोट्या बोटींतून पाळीपाळीने, नाहीतर तरत्या धक्क्यावरून. छातीवर नंबराचा बिल्ला लावून माणसं आपल्या नंबराची वाट बघत बसतात, आणि खाली उतरल्यावर जे दुकान समोर येतं तिथे लोकरीची टोपी विकत घेतात. त्या दिवशी गावातून पाण्याकडे पाहिलं तर फियॉर्ड दिसत नाही, जहाज दिसतं. डोंगर बघायला आलेल्या माणसाच्या फोटोत पुढे दोन तास माणसंच येत राहतात.

आता वेळापत्रकाकडे येऊ. समजा, त्यात लिहिलंय : ‘फ्लोम, आगमन सकाळी ८, प्रस्थान सायंकाळी ५.’ वाचणारा खूश होतो, नऊ तास मिळाले म्हणतो. पण फ्लोम हे गाव आउरलॅन्सफियॉर्डच्या टोकाला आहे, तो सोग्नफियॉर्डचा फाटा, आणि खुल्या समुद्रापासून तिथवर पोचायला दीडशे किलोमीटरांहून जास्त आत यावं लागतं. जहाजाचा तिथला वेग धरला तर याला पाच-सहा तास लागतात. आठला धक्क्याला लागायचं म्हणजे ते रात्री दोन-तीनच्या सुमारास तोंडातून आत शिरलेलं असणार. थोडक्यात, ज्या फियॉर्डसाठी आपण मुंबईहून एवढे पैसे घालून आलो तो आपल्या उशीखालून सरकत गेला. सकाळी पडदा बाजूला सारल्यावर दिसतो तो धक्का, बसचा तळ आणि स्वागताला उभं असलेलं स्मरणवस्तूंचं दुकान. मग नऊ तास फ्लोममध्ये करायचं काय? तर तिथून मिर्दालला जाणाऱ्या प्रसिद्ध आगगाडीत बसायचं. गाडी खरोखर बघण्यासारखी आहे : वीस किलोमीटरांत ८६६ मीटर चढते, वाटेत वीस बोगदे, आणि चोस्फोसेन धबधब्याशी पाच मिनिटं थांबते. तिथे सगळा डबा फलाटावर उतरतो, संगीत सुरू होतं आणि धबधब्याजवळच्या पडक्या भिंतीशी लाल कपड्यांतली एक बाई प्रकट होऊन हात उंचावून नाचू लागते. ती लोककथेतली हुल्ड्रा, पुरुषांना भुलवून डोंगरात नेणारी. उन्हाळ्यात दर गाडीला भुलवायचं असल्याने हे काम नृत्यशाळेतल्या विद्यार्थिनी करतात. भुलायला मात्र कुणाला सवड नसते, कारण सगळे मोबाइल आडवा धरावा की उभा या विचारात असतात, आणि तेवढ्यात शिट्टी होते.

या हिशेबात खरा ऐवज सकाळच्या आठमध्ये नसून संध्याकाळच्या पाचमध्ये आहे. जूनच्या मध्याला त्या भागात सूर्य रात्री अकराच्या पुढे मावळतो. पाचला निघालेलं जहाज बाहेर पडेपर्यंत सहा तास भरपूर उजेड. हेच जहाज सप्टेंबरच्या मध्याला त्याच वेळेला निघालं तर आठच्या सुमारास सूर्य गेलेला, आणि कड्यांच्या आडोशाला तर त्याच्याही आधी. तिकीट तेव्हा स्वस्त असतं ते उगाच नाही. शिवाय पाण्याचं गणित वेगळंच. तिथले धबधबे बर्फ वितळण्यावर चालतात, त्यामुळे मे-जूनमध्ये ते तुडुंब आणि ऑगस्टअखेर रोडावलेले. गैरांगरफियॉर्डमध्ये एका उंच कड्यावरून शेजारीशेजारी सात धारा कोसळतात, त्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. समोरच्या काठावर एकच जाड धबधबा, तो ‘मागणी घालणारा’. कथा अशी, की त्याने सातही जणींना विचारलं, सातही जणींनी नकार दिला, आणि गड्याने बाटली जवळ केली. पाण्याच्या त्या धारेत बाटलीचा आकार दिसतो म्हणतात. उन्हाळा सरता सरता बहिणींमधल्या दोन-तीन जणी आटून जातात आणि उरलेल्या मोजून लोक माहितीपत्रकाशी ताडून बघतात. आपल्याकडच्या शाळांची मे ते जूनच्या मध्यापर्यंतची सुट्टी इथे नेमकी कामाला येते. शिक्षण खात्याने नॉर्वेच्या बर्फाचा विचार करून ती ठेवली असेल असं वाटत नाही, पण मराठी कुटुंबाला सातही बहिणी भेटण्याची शक्यता त्यामुळेच जास्त आहे.

आणि आता तो डाव्या-उजव्याचा प्रश्न, ज्यावरून नवराबायकोत अबोला धरल्याची उदाहरणं प्रत्येक टूर कंपनीच्या काउंटरवर ऐकायला मिळतील. फियॉर्ड ही बंद गल्ली आहे. जहाज ज्या वाटेने आत जातं त्याच वाटेने बाहेर येतं, टोकाला वळून. आत जाताना डाव्या बाल्कनीतून जी भिंत दिसली, ती बाहेर येताना उजव्या बाल्कनीतून दिसते. तेव्हा दोन्ही प्रवास उजेडात आणि जागेपणी झाले तर कुठलीही बाजू घ्या, दोन्ही भिंती पदरात पडतात आणि भांडण निकालात निघतं. पण आत जाणं पहाटे झालं आणि आपण झोपेत राहिलो तर मात्र बाजूला अर्थ येतो. सात बहिणी उत्तरेच्या काठावर आहेत. संध्याकाळी गैरांगरहून बाहेर पडताना त्या उजवीकडे येतात. म्हणजे बाजूचा निर्णयसुद्धा शेवटी घड्याळाकडे बघूनच करावा लागतो, नकाशाकडे बघून नाही. याच्यावर कुणी म्हणेल, उजवी घेतली, प्रश्न मिटला. तसा तो मिटत नाही. कारण समोरच्या, दक्षिणेच्या काठावर त्याच सुमाराला स्कागेफ्लो नावाचं जुनं शेतघर लागतं. पाण्यापासून सुमारे २५० मीटर वर, कड्याच्या एका फळीवर, चार छपरं आणि हिरव्या गवताचा तुकडा. तिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या बकऱ्या पाळून राहिली. रांगती पोरं कड्यावरून खाली जाऊ नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवायचे असं सांगतात. आणि सारावसुलीचा माणूस खाली होडीतून येताना दिसला की वर चढायची शिडी काढून घ्यायचे अशीही दंतकथा आहे. करनियोजनाची याहून स्वच्छ पद्धत पुढे कुणाला सापडलेली दिसत नाही. १९९३ साली नॉर्वेच्या राजाराणीने आपल्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस याच घरी साजरा केला, तेव्हा शिडी काढली नव्हती. सांगायचा मुद्दा, बहिणींकडे तोंड करून असलेल्या महागड्या बाल्कनीतून हे घर दिसणार नाही आणि घराकडे तोंड केलेल्या बाल्कनीतून बहिणी दिसणार नाहीत. दोन्ही दिसतात ते वरच्या उघड्या डेकवरून, जिथे सगळ्यांत स्वस्त तिकिटाच्या माणसालाही जाता येतं. फक्त तिथे वारा असतो.

वेळापत्रकाची चैन काय असते हे पूर्वी एका गृहस्थाला चांगलं कळलं होतं. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म १८८९पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात आपल्या होहेनझोलर्न या नौकेतून नॉर्वेत यायचा. मनाला येईल तिथे नांगर टाकायचा, मनाला येईल तेवढे दिवस राहायचा, आणि बरोबरच्या पोटसुट्या सेनापतींकडून सकाळी डेकवर व्यायाम करून घ्यायचा. बुफे घेणाऱ्यांनी हा शेवटचा भाग विचारात घ्यावा. जुलै १९१४मध्ये तो सोग्नफियॉर्डवरच्या बालेस्ट्रांडला होता. तेवढ्यात ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला, कैसर २५ तारखेला सहल अर्धी टाकून परतला आणि तीन दिवसांनी युद्ध जाहीर झालं. इतिहासकार महायुद्धाची कारणं पुष्कळ देतात. सहल अर्धवट सोडलेल्या माणसाचा मूड हे कारण त्यांत यायला हवं होतं.

सामान्य माणसाला राजनौका कुठली? पण त्याच्यासाठी नॉर्वेने १८९३पासून एक सोय करून ठेवली आहे. बर्गनपासून पार उत्तरेला रशियाच्या सरहद्दीजवळच्या किर्केनेसपर्यंत रोज सुटणारी टपालबोट, हुर्तिग्रुटेन. ही त्या किनाऱ्याची एसटी. चौतीस बंदरं घेते, जाऊन-येऊन बारा दिवस लागतात. कुठे पंधरा मिनिटं थांबते, रात्री अडीचला एखाद्या वाडीशी लागते, तिथे दोन खोकी उतरतात, एक आजी चढते आणि बोट सुटते. हल्ली हे काम दोन कंपन्यांत वाटलेलं आहे आणि बोटींवर पर्यटकही भरपूर असतात, पण वेळापत्रक अजून किनाऱ्याच्या गरजेचं आहे. त्यात एक शहाणपण दडलेलं आहे : उत्तरेला जाताना जी बंदरं रात्री येतात त्यांतली पुष्कळशी परतताना दिवसा येतात, त्यामुळे झोपेत गेलेला भाग भरून निघतो. २०११च्या जूनमध्ये नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने या बोटीचा बर्गन ते किर्केनेस प्रवास सलग १३४ तास थेट दाखवला. ना कथानक, ना निवेदकाची बडबड. बोट पुढे जातेय एवढंच. पन्नास लाख वस्तीच्या त्या देशात निम्म्याहून जास्त लोकांनी तो कधी ना कधी लावून बघितला. बंदराबंदरावर लोक झेंडे घेऊन कॅमेऱ्यासमोर आले, राणी सोन्यांनीही आपल्या नौकेवरून हात हलवला. ज्यांच्या दारात फियॉर्ड आहे त्या लोकांना त्यात बघण्यासारखं काय वाटतं, याचा इतका सज्जड पुरावा दुसरा मिळणार नाही. १३४ तासांत बाल्कनी कुठली, असा प्रश्न कुणाला पडला नसावा.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप गुडघ्यांचा. आईवडील सत्तरीचे, रोज बॅगा उचलून हॉटेल बदलणं त्यांना जमणार नाही. जहाजात एकदा बॅग उघडली की आठवडाभर बंद करायला नको. हे मान्य. इथे माझा युक्तिवाद लंगडतो, आणि लंगडणाऱ्यांच्याच बाजूने लंगडतो, म्हणून मी तो रेटत नाही. मोठं जहाज घ्यावं, फक्त ज्यात फियॉर्डमधून बाहेर पडणं संध्याकाळी उजेडात असेल असं घ्यावं. दुसरा आक्षेप पैशांचा : नॉर्वेत साध्या कॉफीला चारशेच्या पुढे रुपये पडतात, जहाजात खाणंपिणं धरलेलं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. आठवड्याच्या क्रूझा पुष्कळशा इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून सुटतात. म्हणजे आपल्या पासपोर्टाला आधी ब्रिटनचा व्हिसा, मग नॉर्वेसाठी शेंगेनचा, आणि जाताना एक व येताना एक असे दोन आख्खे दिवस उत्तर समुद्र, ज्यात बघायला उत्तर समुद्रच असतो. आठवड्याच्या १६८ तासांत डोळे उघडे असताना दोन्ही बाजूंना फियॉर्डच्या भिंती आहेत, असे तास ढोबळमानाने मोजले तर ते बारा-पंधराच्या पुढे क्वचित जातात. उलट हेलेसिल्टहून गैरांगरला मोटारी नेणारी साधी फेरीबोट तासाभरात त्याच सात बहिणींसमोरून नेते, भर दिवसा. फ्लोमहून गुडवांगेनला जाणारी विजेवरची बोट दोन तासांत नेरॉयफियॉर्ड दाखवते, जो काही ठिकाणी जेमतेम २५० मीटर रुंद आहे, आणि आवाज इतका कमी की काठावरच्या बकऱ्यांच्या घंटा ऐकू याव्यात. कॉफीचे चारशे रुपये तिकिटाच्या फरकात पुष्कळ वेळा निघतात. तिसरा आक्षेप जेवणाचा, त्याला मराठी माणसाकडे उत्तर आधीपासून आहे. मेतकूट, भाजणी आणि लाडवांचा डबा यांच्या जोरावर आपण उत्तर ध्रुवापर्यंत जाऊ शकतो.

‘पण आम्हाला जहाजच हवंय’, असा चौथा आक्षेप येतो, आणि तो सगळ्यांत प्रामाणिक असतो. पोहण्याचा तलाव, रात्रीचा कार्यक्रम, कॅसिनो, सकाळी अकरापर्यंत चालणारा नाश्ता. यात वाईट काहीच नाही. मात्र त्यासाठी फियॉर्डला मध्ये ओढायची गरज नाही. मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाणारी क्रूझ आहे, तीवर हे सगळं मिळतं, व्हिसा लागत नाही आणि रात्रीच्या कार्यक्रमातली गाणी आपल्या ओळखीची असतात. फियॉर्डमध्ये गरम पाण्याच्या टाकीत बसून समोरचा कडा बघणं याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती कड्याकडे पाठ करून बसणाऱ्याने परत आल्यावर कड्याविषयी बोलण्याला.

मोठ्या जहाजांबद्दल नॉर्वेच्या संसदेचंही काही म्हणणं होतं. गैरांगर आणि नेरॉय हे फियॉर्ड २००५पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि तिथल्या अरुंद दऱ्यांत जहाजांचा धूर साचून राहतो. म्हणून २०१८मध्ये ठरलं, की २०२६पासून या फियॉर्डमध्ये धूर न सोडणारी जहाजंच येतील. पुढे लक्षात आलं, की अवाढव्य जहाजांना हे तंत्र इतक्यात झेपणार नाही. तेव्हा नियम असा झाला : १०,००० टनांच्या आतल्या जहाजांना १ जानेवारी २०२६पासून तो लागू, आणि त्याहून मोठ्यांना २०३२पर्यंत मुदत. ज्यांचा धूर जास्त त्यांना सवलत जास्त, हे तत्त्व फक्त आपल्याकडचं आहे असा ज्यांचा समज होता त्यांनी तो दुरुस्त करून घ्यावा. पण निवड करणाऱ्याला याचा सरळ उपयोग आहे. या फियॉर्डमध्ये आज शिरलेली छोटी बोट स्वच्छ आहे हे कायद्यानेच सिद्ध झालेलं असतं. मोठ्या जहाजाच्या बाबतीत नळकांड्याकडे बघून स्वतः ठरवावं लागतं.

राहता राहिला पाऊस. बर्गनमध्ये वर्षाला जवळजवळ मुंबईएवढाच पडतो. फरक इतकाच, की मुंबई तो चार महिन्यांत उरकून घेते आणि बर्गन वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पुरवून पुरवून वापरतं. तेव्हा ढग येणार आणि कड्याचा वरचा अर्धा भाग गिळणार, हे धरूनच चालावं. बाल्कनीवाले म्हणतात, म्हणूनच तर बाल्कनी, कोरड्यात बसून बघता येतं. पण बाल्कनीतून तेव्हा ढगाचा जो भाग दिसतो तो आतल्या केबिनमधून न दिसल्याने फारसं बिघडत नाही, आणि पावसाने धबधबे दुप्पट होतात ते बघायला वर डेकवरच जावं लागतं, पावसाळी जाकीट घालून. हे जाकीट आपल्याकडे जूनमध्ये घेतलेलं असतंच. माझ्या मते बिनखिडकीची आतली केबिन हीच जूनमध्ये सर्वांत शहाणी निवड. ती सगळ्यांत स्वस्त आहे, आणि रात्री अकरापर्यंत ऊन व पहाटे चारला पुन्हा उजेड असल्या प्रदेशात काळोख मिळण्याची अख्ख्या जहाजावरची ती एकमेव जागा आहे. बाल्कनीवाले जास्तीचे पैसे भरून रात्रभर पडद्याची फट बुजवत बसतात. आतल्या केबिनचा धोका एकच : तिथे पहाट झाली हे कळत नाही, म्हणून साडेचारचा गजर लावावा लागतो. तोही जहाज साउदॅम्प्टनहून निघालं असेल तर नॉर्वेच्या वेळेप्रमाणे, कारण मधे एक तासाचा फरक आहे. ज्यांनी मोबाइल विमानात ठेवतात तसा बंद करून ठेवला आणि घड्याळ पुढे करायचं राहून गेलं, ते ठरल्या वेळी वर पोचतात तेव्हा सात बहिणी मागे पडलेल्या असतात आणि नाश्त्याच्या रांगेत त्यांच्यापुढे चारशे माणसं उभी असतात.